धर्मादादाची रुसकी हार्डडिस्क

जव्हारहून मोखाड्याला येणाऱ्या जीपमध्ये टोपडं घातलेलं बाळ मांडीवर घेऊन बसलेला, झुबकेदार मिशांचा, पन्नाशीचा गृहस्थ दिसला तर बाळाचा गालगुच्चा घ्यायला जाऊ नका. ते बाळ नाही, हार्डडिस्क आहे. गृहस्थ म्हणजे आमचा धर्मादादा, मोखाड्याचा शूटिंगवाला. दर वळणाला तो ते टोपडं दोन्ही हातांनी उचलून हवेत धरतो आणि वळण संपलं की पुन्हा मांडीवर ठेवतो. या रस्त्याला वळणं किती, ते विचारू नका. एक सरळ तुकडा होता म्हणतात, तोही कुणीतरी उचलून नेला. एकदा दाभोशाची एक म्हातारी त्याच्या शेजारी बसली होती. तिनं कौतुकानं टोपडं बाजूला सारलं. आत काळाकुट्ट डबा. ना नाक ना डोळे, आणि शेपूट मात्र हातभर. म्हातारी तिथंच जीपमधून उतरली आणि आमच्या आधी मोखाड्याला चालत पोचली. ऐकीव नाही, मी त्याच जीपमध्ये होतो.

माझं झेरॉक्सचं दुकान धर्मादादाच्या स्टुडिओला लागून आहे. मधे एक पत्रा. त्या पत्र्यातून मला गेली पंधरा वर्षं दोन तालुक्यांतली लग्नं ऐकू येतात. मी कुणाच्या मांडवात पाऊल न टाकता सगळ्यांच्या वरातीत नाचलेला माणूस आहे.

शूटिंगमध्ये धर्मादादाचा हात कुणी धरू नये. त्याचं एकच वाक्य, "चेहरा ठेव." नवरदेवाला चेहरा ठेव, वाढप्याला चेहरा ठेव, मांडवात शिरलेल्या बकरीला चेहरा ठेव. एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरी ओक्साबोक्शी रडत होती. हा पुढं जाऊन शांतपणे म्हणाला, "रड बाय, पोटभर रड. फक्त उजेडाकडं तोंड करून रड." ती पोरगी हुंदका गिळून अर्धी वळली आणि मग पुन्हा रडली. अख्खं वऱ्हाड तिच्याबरोबर वळलं.

पूर्वी तो लग्नाची सीडी करून द्यायचा. मग सीडी लावायची यंत्रं बंद पडली, आणि आमची माणसं काही टाकून देणारी नव्हेत. सीडीला दोरा ओवून ती नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात टांगली. ऊन पडलं की लखलखायची, पाखरं लांब पळायची. एका वर्षी सूर्यमाळच्या रस्त्यानं गेलो तर दोन्ही बाजूंना लग्नंच लग्नं वाऱ्यावर फिरत होती. मग घराघरात मोबाइल आले आणि लोक म्हणू लागले, दादा, आमचं लग्न मोबाइलात टाकून दे. सीड्यांवर तर पाखरांनी आपला राग काढून ठेवलेला. लग्नं उरली एकाच ठिकाणी, धर्मादादाच्या हार्डडिस्कमध्ये.

या हार्डडिस्कला तो "आत्याबाई" म्हणतो. का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "प्रत्येक लग्नात एक आत्या रुसते. हिच्यात इतकी लग्नं हायत, म्हंजे ही किती आत्यांची आत्या झाली बघ." गिऱ्हाईक आलं की तो आधी आत्याबाईंना जोडतो, कान लावतो आणि निकाल देतो. "आज आत्या बोलंल." किंवा, "आज नाय. पडू दे तिला घटकाभर." गिऱ्हाईक मुकाट्यानं चहा पिऊन परत जातं.

आत्या रुसण्याचं मूळ कारण मात्र मला ठाऊक आहे, कारण उपाय माझ्या डोळ्यांदेखत झाला. आमच्या पावसाळ्यात भिंतीला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते, माणूस फार वेळ एका जागी बसला तर त्यालाही येते. आत्याला दमट हवा बाधू नये म्हणून धर्मादादानं तिला नागलीच्या कणगीत ठेवलं, बांबूच्या त्या शेणानं सारवलेल्या टोपलीत. धान्य ओल ओढून घेतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण नागली असते मोहरीएवढी. आत्याच्या शेपटीसाठी जे भोक असतं त्यात चार दाणे शिरले. त्यातच कणगीवर वरून पागोळी गळली. गणपती झाल्यावर त्यानं आत्याला बाहेर काढलं, तर भोकातून हिरवा कोंब आलेला. चांगला बोटभर. मी म्हटलं, "दादा, राहू दे अजून, दिवाळीपर्यंत कणीस धरेल." महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही.

कोंब टाचणीनं काढला. त्यानंतर आत्या मनात येईल तेव्हा चालायची. चालू झाली की थोडा वेळ गोड बोलायची, मग अंग तापायचं, आतून टिक टिक टिक आवाज यायचा आणि बाई गप्प. त्यानं तिला जव्हारच्या एका रिपेरीवाल्याकडं नेलं. टोपड्याचा प्रवास तो हाच. रिपेरीवाला म्हणाला, "उघडून बघावी लागेल. उघडल्यावर वाचेल की नाही, सांगता येत नाही."

"मंग न उघडता सांग," धर्मादादा म्हणाला.

"न उघडता मरेल, हे नक्की. कधी, ते सांगता येत नाही."

"ते तर मला माझं पण म्हाईत नाय," असं म्हणून धर्मादादा तिला घेऊन परत आला.

मग बाजाराच्या दिवशी स्टुडिओसमोर पंच बसले. कुणी बोलावले नव्हते. आमच्याकडं चार माणसं उकिडवी बसली की पंच होतात. एक म्हणाला, मुंबईला पाठव. एक म्हणाला, कोंबडं दे. धर्मादादा म्हणाला, "आत्या नागली खाऊन आजारी पडली, तिला कोंबडं कसं पचंल?" आइसकांडीवाल्यानं फ्रिज देऊ केला. एक दिवस ठेवूनही पाहिलं. आत्या गारेगार झाली, पण बाहेर काढल्यावर तिला असा घाम फुटला की आम्हीच घाबरलो. वर आठवडाभर तिला मँगोचा वास येत होता.

उपाय शेवटी आपोआप सापडला. डिसेंबरात वर डोंगरावर सूर्यमाळला एका हळदीचं शूटिंग होतं, म्हणून धर्मादादाला मी माझ्या फटफटीवरून घेऊन गेलो होतो. पहाटे तिथं एवढी थंडी की कोंबडा आरवायला तोंड उघडतो आणि आवाज बाहेर यायला उजाडतं. धर्मादादानं लॅपटॉप काढला, सहज म्हणून आत्याला जोडलं. आत्या पाऊण तास एका दमात बोलली. टिक नाही की टुक नाही. पाऊण तासात एक लग्न पुरतं लॅपटॉपवर उतरलं.

ठरलं. रोज सकाळी माझ्या फटफटीवरून सूर्यमाळला जायचं, शाळेमागच्या आंब्याखाली बसायचं आणि दिवसाला एक लग्न उतरवायचं. थंडी आहे तोवर जमेल तेवढं. ज्यांना लग्न हवं त्यांनी नाव द्यावं. तेवीस नावं आली. मग आधी कुणाचं, यावरून पुन्हा पंच बसले. एक जण म्हणाला, माझं आधी, मी दोन लग्नं केलीत. शेवटी धर्मादादा म्हणाला, "वाद कशाला? पंगतीचा नियम लावा. आधी लांबचे पावणे, मंग गावातले, घरचे शेवटी." दाभोशाची माणसं पहिल्या पानावर आली. तेविसावं, शेवटचं नाव धर्मादादाचं स्वतःचं.

इथं जानीवहिनी आल्या. धर्मादादाची बायको. अंगानं काटकुळ्या, पण लग्नातला भोंगाही त्यांच्या आवाजापुढं बसल्यासारखा वाटतो. आमच्या पाड्यांवर बायको नवऱ्याला तूच म्हणते, आणि वहिनींच्या तूला तर धार असते.

"सगळ्या जगाची लग्नं उतरव," त्या म्हणाल्या. "माजंच शेवटी. आन ती सटवी मधीच मेली मंग?"

"आत्या नाय मरत."

"आठ वरसं सांगतोस, लावतो, लावतो. एकदा लावलंस?"

आता या लग्नाची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडं जोडपी आधी संसार थाटतात, लग्नाचं सवडीनं बघतात. हाती पैका आला, शेतातून मोकळीक मिळाली की मग. धर्मादादा आणि जानीवहिनींना अशी सवड झाली नाही ती झालीच नाही. पोरगी मोठी झाली, तिचं लग्न ठरलं, मांडव पडला. धवलेरी आली, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, भटजी करतो ते ती गाणी म्हणून करते. तिनं मांडवात बसता बसता विचारलं, आईबापाचं लागलंय ना? नव्हतं लागलेलं. आईबापाचं लागल्याशिवाय पोरीचं लागत नाही. झालं, धर्मादादाच्या कपाळाला तिथल्या तिथं बाशिंग बांधलं. आधी आईबापाचं लग्न, मग त्याच मांडवात, त्याच हळदीत पोरीचं.

त्या दिवसाबद्दल वहिनींची एकच तक्रार. "बाशिंग बांधलेलं याचं तोंड मला दिसलंच नाय. सगळा वेळ तो मेला कॅमेरा तोंडापुढं. शूटिंगमधी तरी बघीन म्हटलं."

एका सकाळी आंब्याखाली लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकत असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "दादा, तुझ्या लग्नाचं शूटिंग केलं कोणी?"

"मीच."

"बाशिंग बांधून?"

"मंग? दुसऱ्याच्या हातात दिलं तर तो डोकी कापतो."

"मग त्यात तू कुठे?"

धर्मादादानं पट्टीवरची नजर काढली नाही. "मी नाय त्यात," तो म्हणाला. "माळ घातली तेवढा डावा हात आलाय."

मी हसलो नाही. म्हणजे हसलो, पण आंब्याच्या पलीकडं जाऊन.

"वहिनींना सांग की."

"सांगतो. बावीस झाली की सांगतो."

म्हणजे हा गडी स्वतःचं लग्न शेवटी ठेवून पाहुण्यांचा मान राखत होता, का आपली मान वाचवत होता, हे मला कळेना. एवढं मात्र खरं, की त्या तेविसाव्या नावाला तो रोज सकाळी हात लावून बघायचा. कागद तिथं मळून काळा झाला होता.

दिवस गेले. दाभोसा गाव झालं, वावर गाव झालं, मोखाडा सुरू झालं. लोक बाजारात येऊन मोबाइलमध्ये लग्न भरून नेऊ लागले. आपापल्या वरातीत आपण किती वेडेवाकडे नाचलो ते बघून बाजारात इतकं हसू झालं की दोन सुक्या मासळीवाल्यांचा माल ओला झाला. पण थंडी सरायला लागली आणि आत्याचा दम कमी होऊ लागला. पाऊण तासाचा अर्धा तास झाला. विसावं लग्न मधेच दोनदा अडकलं. एकविसाव्याला टिक टिक सुरू झाली, तेव्हा धर्मादादानं अंगातला शर्ट काढून आत्याला वारा घातला. बावीस झाली त्या दिवशी तो म्हणाला, "आता तिला एकच घास जाईल. त्याच्यापुढं नाय."

तेविसाव्या सकाळी जानीवहिनी दारात उभ्या. लग्नातलं पिवळं लुगडं नेसून, भाकरीचं फडकं हातात घेऊन. "मी येतेय," त्या म्हणाल्या. तिघं फटफटीवर बसलो. मी पुढं, मधे आत्याला पोटाशी धरून धर्मादादा, मागं वहिनी. चढाला फटफटी थांबून उसासा टाकायची आणि वहिनी तिला शिव्या द्यायच्या. तिलाच देत होत्या, असं मी मानून घेतलं.

आंब्याखाली बसलो. धर्मादादानं टोपडं काढलं. आत्या जोडली, कान लावला. आत्या बोलत होती. त्यानं वहिनींकडं पाहिलं आणि तोंड उघडलं, बहुतेक ते डाव्या हाताचं सांगायला. तेवढ्यात मला शाळेच्या कडेला एक माणूस दिसला.

म्हातारा होता. खांद्यावर घोंगडी, हातात एक जुना मोबाइल, रुमालात गुंडाळलेला. वरच्या पाड्यावरून उतरून आला असणार. पाय दवानं गुडघ्यापर्यंत भिजले होते. तो लांबच उभा राहिला.

"काय बाबा?" मी विचारलं.

"काय नाय. चालू द्या तुमचं. मी बसतो." आणि बसला.

"काम काय?"

"हितं लगनं देतात म्हनं." त्यानं मोबाइल रुमालातून काढला. "पोरीचं व्हतं. बाजाराला मी येत नाय, आज शेजाऱ्यानं सांगितलं. आता संपली असतील तर ऱ्हाऊ द्या."

धर्मादादानं त्याला ओळखलं. त्यानं शूट केलेला माणूस तो विसरत नाही. "सोमाबाबा," तो म्हणाला, "पोरगी कुठं आता?"

"गुजरातला. ईटभट्टीवर. चार वरसं आली नाय." मग मोबाइलकडं बघत, "तोंड बघीन म्हटलं एकदा."

धर्मादादा लॅपटॉपकडं बघत बसला. आत्याच्या आतून एक बारीक टिक आली. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मी सांगणार नाही. मला गावात राहायचंय.

वहिनींनी भाकरीचं फडकं खाली ठेवलं. "त्यांचं लाव," त्या म्हणाल्या.

"जाने, हिला दोन नाय व्हणार."

"मला दिसतंय."

"आठ वरसं—"

"पावणा दारात बसलाय आन आपन ताट वाढून घ्यायचं? लाव त्यांचं."

धर्मादादानं लावलं. हिरवी पट्टी निघाली. अर्ध्यावर टिक टिक सुरू झाली. धर्मादादानं आत्याला टोपड्यानं वारा घातला, वहिनींनी पदरानं, म्हाताऱ्यानं घोंगडीनं, आणि मी तोंडानं. पट्टी शेवटच्या बोटभर जागेत येऊन थांबली. आम्ही चौघंही थांबलो. मी सांगतो, त्या वेळात सूर्य दोन वेळा उगवला. मग पट्टी भरली. लग्न उतरलं. आत्याबाईंनी एक लांब, खरखरीत श्वास टाकला आणि दिवा विझला.

धर्मादादानं शेपूट काढलं, घातलं. काढलं, घातलं. कान लावला. बराच वेळ लावून बसला. मग टोपडं उचललं आणि तिच्या अंगावर पांघरलं.

मी म्हाताऱ्याच्या मोबाइलमध्ये त्याच्या पोरीचं लग्न भरलं. पहिल्याच मिनिटाला पोरगी उजेडाकडं तोंड करून हसत होती. म्हाताऱ्यानं मोबाइल नाकाजवळ धरला. तिथंच बसून बघत राहिला.

"आता हिला जव्हारला न्यायची का?" मी आत्याकडं बोट दाखवून विचारलं. "उघडून बघेल तो."

"नको," धर्मादादा म्हणाला. "दमली ती. घरी ठेवू." मग तो वहिनींकडं न बघता म्हणाला, "जाने, तुला सांगायचं व्हतं. त्यात मी नव्हतोच."

"कशात?"

"आपल्या लग्नात. शूटिंग मीच करत व्हतो ना. माजं तोंड कुठंच आलं नाय. तुला आवडलं नसतं."

मी फटफटीची किल्ली शोधू लागलो. ती माझ्या हातातच होती. आता त्या आवाजाला सूर्यमाळची पाखरं उडतील, असं मला वाटलं. पण वहिनी विचार करत होत्या. पिवळ्या लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत त्यांनी हिशोब लावला आणि साध्या आवाजात विचारलं,

"तू नव्हतासच, तर मंग गेलं काय आपलं?"

धर्मादादानं मिशीवरून हात फिरवला. पंधरा वर्षं पत्र्यापलीकडून मी त्याचा आवाज ऐकतोय. एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

"तू व्हतीस," तो म्हणाला. "सगळ्यात तूच व्हतीस. पहिल्यापासून."

वहिनी उठल्या, आंब्याच्या सावलीतून दोन पावलं बाहेर उन्हात गेल्या, तिथं दगडावर बसल्या. भाकरीचं पीठ लागलेली बोटं पुसली. पदर डोक्यावरून नीट घेतला.

"मी कुठं गेलेय?" त्या म्हणाल्या. "ही बसले. बघ."

धर्मादादाचे दोन्ही हात कॅमेरा धरायला वर आले. कॅमेरा नव्हता. हात तसेच थोडा वेळ हवेत राहिले, मग त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले आणि बायकोकडं पाहिलं. सवयीनं एक डोळा मिटलेला.

"दोन्ही डोळे उघड," जानीवहिनी म्हणाल्या.